चुकलेली छाटणी आणि साळवेदादा

गंगाराम साळवे, म्हणजे आम्हा झाडकाम करणाऱ्यांचे दादा, यांनी पंच्याहत्तरी गाठली. त्यांच्या मोठ्या कामांविषयी या गौरवग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. मी माझ्या एका चुकीविषयी लिहितो, कारण दादांची आणि माझी ओळख त्या चुकीनेच करून दिली.

झाडं मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. दोर, करवत आणि डोळे एवढ्यावर शिकलो, आणि त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत विलायती शिरीष आहे, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात. पालिकेची परवानगी काढून मी मे महिन्यात त्याची छाटणी केली. वादळात वाऱ्याला वाट मिळावी म्हणून आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ केल्या, पाला फक्त टोकांना ठेवला. सेक्रेटरी खूश. "झकास! काय उजेड आलाय!" मीही कमरेवर हात ठेवून आपलं काम न्याहाळत होतो.

शेजारच्या सोसायटीत काम पाहायला आलेले एक गृहस्थ फाटकाशी थांबले, ते दादा. त्यांनी आधी वर पाहिलंच नाही. बुंध्याशी आले, चपलेने फरशी ठोकली आणि विचारलं, "आळं कुठंय?" फरशी पार खोडाला भिडली होती, पाणी मुरायला वीतभर माती नव्हती. मग त्यांनी मान वर केली.

"आणि या चवऱ्या कुठल्या देवावर ढाळायच्यात?"

"वारा पास व्हायला नको का?" मी जरा घुश्शातच म्हणालो.

"वारा जाईल रे पास. पण सगळं वजन टोकाला नेऊन ठेवलंस. आता फांदी डोलणार नाही, फटके मारणार. मधे आवरायला एक डहाळी तरी ठेवलीस?"

मला राग आला. घरी जाऊन लांब वेताच्या टोकाला ओला पंचा बांधला आणि हलवून पाहिला. वेत फटके मारायला लागला. मग तोच पंचा मधोमध बांधला, तर तो नुसता डोलला. दादा बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीत पत्ता विचारून मीच त्यांना शोधत घाटकोपरला गेलो. ते लगेच आले. उपाय सांगितला: टोकं मागे घ्यायची, तीही जाड बाजूफांदीपर्यंतच, आणि आत फुटलेला एकही कोंब पुढची काही वर्षं तोडायचा नाही. पण त्यासाठी परवानगी नव्याने लागणार होती, आणि कागदाशिवाय दादा पानालाही हात लावत नाहीत. तेवढ्या दिवसांत वळीव आला तर? सगळ्यांत लांब फांदी तळमजल्यावरच्या परबकाकूंच्या खिडकीवर होती. खिडकीखाली काकूंची खाट.

"त्यांना सांगायला हवं," दादा म्हणाले.

"तुम्हीच सांगा ना, दादा."

"मी सांगितलं तर ती चहाडी. तू सांगितलंस तर ती माहिती."

या सोसायटीचं काम गेलं, आता मुलुंडभर नाव खराब होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी गेलो. दादा दाराबाहेर थांबले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि कडाडल्या, "ह्यां झाड पडलां तर माझ्या घरावर पडतलां, सेक्रेटरीच्या नाय! आता बघतस काय? धर खाटेक!" खाट काकूंनी आणि मी उचलून स्वयंपाकघराशी नेली.

चौथ्या दिवशी दुपारी धुळीचं वादळ उठलं. तीच फांदी मोडली आणि ग्रील वाकवून खिडकीतून आत आली, खाट होती तिथे. काकू स्वयंपाकघरात वाल सोलत होत्या.

सोसायटीची सभा भरली. झाड मुळापासून काढा, अशीच बहुतेकांची मागणी. मी उभा राहिलो आणि चूक झाडाची नाही, माझी आहे, हे सगळ्यांसमोर सांगितलं. मग काकू उठल्या. "फांदी माझ्या घरात इली. मी काय म्हणतंय तां आयका. चूक सांगूक इलो तोच आता झाड सांभाळीत." झाड राहिलं. परवानगी आल्यावर दादांनी तीन वर्षं माझ्याकडून ते दुरुस्त करून घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात फरशी उखडून आळं करायला लावलं. उन्हाळ्यात त्यात पाणी घालतात त्या काकूच. कोणी दादांचं कौतुक करायला लागलं की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "काम याचं आहे." हे ऐकताना मला दरवेळी थोडं ओशाळल्यासारखं होई, आणि पुढचा काप मी जास्त जपून घेई. शिकवण्याची त्यांची रीत हीच असावी.

अलीकडे दादांचे गुडघे शिडीला राजी नसतात. ते खाली खुर्ची टाकून बसतात आणि वर ओरडतात, "अरे, खोडाला घासून कापू नकोस, तिथला फुगवटा राहू दे! साल तिथूनच येते!" त्या मोडक्या फांदीचा खुंट आम्ही असाच नीट कापला होता. त्या जखमेवर चहूबाजूंनी साल चढते आहे. दर मे महिन्यात मी वर जाऊन मोजपट्टी लावतो आणि जखम किती उघडी आहे तो आकडा खाली ओरडून सांगतो. निम्म्याहून अधिक मिटली आहे. उरलेली मिटायला बरीच वर्षं लागतील. दादा, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. शेवटचा आकडा शून्य असेल, आणि तो ऐकायला तुम्ही खाली खुर्चीत हवे आहात.