पार्बतामामीची गाडी

पार्बतामामी भाव एकदाच सांगायची आणि पाठ फिरवायची. अकोल्याच्या फुलबाजारात तिच्या पाटीसमोर उभं राहून कुणी "मावशी, जरा कमी करा ना" म्हणू लागलं, की पुढचं सगळं बोलणं त्याला तिच्या पाठीशी करावं लागे. तोवर ती भिंतीकडे तोंड करून हार ओवायला लागलेली असे. गिऱ्हाईक हसे, चिडे, चार पावलं जाऊन परत येई. पैसे पाटीत पडल्याचा आवाज झाला की मामी वळायची आणि काही झालंच नाही अशा गोडीने म्हणायची, "घ्या बाप्पा, दोन फुलं जास्तीची घ्या." बाजारातले लोक तिला गर्विष्ठ म्हणत. ती होतीच.

बार्शीटाकळीजवळच्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून. मामीची दीड एकर काळी जमीन, त्यात झेंडू आणि शेवंती. नवरा तरुणपणीच गेला. तेव्हापासून तीस वर्षं ती फुलांची टोपली घेऊन एसटीने अकोल्याला जात-येत होती. टोपली टपावर टाक म्हणून रोज कंडक्टर भांडायचा, आणि रोज ती टोपली मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस मला म्हणाली, "मास्तर, मले एक डाव मांडीवर काई नसतानी अकोल्याहून घरी याचं हाय. सोताच्या गाडीत." लेकीने, नंदाने, लायसन काढून ठेवलंच होतं. मामीचा दीर नामदेव ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईच्या नावानं कुठी गाडी येत असते काय?" मामीने त्याच्याकडेही पाठ फिरवली.

गाडी घ्यायला तिने मला बरोबर घेतलं. मी अकोल्यात एका शाळेत गणित शिकवतो, आणि गणित शिकवणारा माणूस भावात फसत नाही अशी तिची भाबडी समजूत. शाळेला मी एसटीनेच जाई, पण घरी गाडी होती; ती मी शोरूमवाल्यांनी सांगितली त्या किमतीला, वर त्यांचेच आभार मानून घेतली होती, हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

अकोल्यात शोरूम असताना ती आधी मला अमरावतीला घेऊन गेली. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाली, "फूल तोडाच्या आंधी आमी अमरावतीचा भाव इचारतो. गाडीचा कावून नाई इचारावा?" तिथलं कोटेशन घेऊन आम्ही अकोल्याच्या शोरूममध्ये आलो. मामीने कागद टेबलावर ठेवला, त्याहून थोडा कमी असा आपला आकडा एकदा सांगितला आणि फिरती खुर्ची काचेकडे वळवली. विक्री करणारा मुलगा गोंधळला. "सर, तुम्हीच समजवा ना यांना," तो मला म्हणाला. मी समजवायला तोंड उघडलं तर पाठमोऱ्या खुर्चीतून आवाज आला, "मास्तर, तू चूप बस."

मुलगा तीनदा आत जाऊन आला. शेवटी मॅनेजर स्वतः आले आणि भाव कबूल केला. मामी वळली, पण उठली नाही. "याच्या वर एक रुपया नाही" असं तिने कागदावर लिहून घेतलं, खाली सही घेतली, शिक्का घेतला. झेंडूचं बियाणं ज्या पिशवीत यायचं त्या प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद घडी करून गेला. दसऱ्याच्या आठ दिवस आधी तिने सगळे पैसे भरले. गाडीवर तिचं नाव चढलं. घरी न्यायची ती दसऱ्याला.

दसऱ्याच्या सकाळी मामीने आपला झेंडू नऊच्या आत विकला आणि गाडीसाठी राखून ठेवलेले दोन हार टोपलीत घेऊन ती नंदासोबत शोरूमला आली. तिथे जत्रा भरली होती. एकेक गाडी नारळ फोडून बाहेर पडत होती. आमची पाळी आली तेव्हा मॅनेजरांनी एक नवा कागद पुढे केला. हँडलिंग आणि अॅक्सेसरीजचे एकवीस हजार राहिलेत म्हणाले.

"हे आठ दिस आंधी कावून नाई सांगतलं?" मामीने विचारलं.

"सगळ्यांनाच लागतात मावशी. साडेअकरापर्यंतच मुहूर्त आहे. सणाच्या दिवशी कशाला एवढ्यासाठी?"

मामीने पिशवीतून आपला कागद काढला, त्यांच्यासमोर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "बाप्पा, तीस वर्सं दसऱ्याले झेंडू इकून राहिली मी. आज माणूस घाईत असते, सांगतलं तेवढे देते, हे तू मले शिकवतं काय? पण माहा भाव पयले सांगतलेला असते. फुलं पिशवीत पडल्यावर मी भाव वाढवत नाई." एवढं बोलून तिने पाठ फिरवली.

आमच्या मागच्या दोघांनी काही न बोलता पैसे भरले. सव्वाअकरा झाले. गावाकडून नामदेवचा फोन आला, "निघाले का? का नाही देत ते गाडी?" गल्लीत बाया आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मला ते सगळं असह्य झालं. मामी हारांवर पाणी मारायला नळाकडे गेली, तेवढ्यात मी काउंटरवर जाऊन माझ्या कार्डावरून एकवीस हजार भरून टाकले. मला वाटलं, मी फार चांगलं काम केलं.

मॅनेजर हसत किल्ली घेऊन आले. "चला मावशी, झालं सगळं."

"कसं झालं?" मामीने त्यांना विचारलं, पण पाहिलं माझ्याकडे. तीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचणारी बाई ती. मी मान खाली घातली.

"पैसे परत घे, मास्तर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हा तं मले एकवीस हजारानं लुटून राहिला होता. तुनं मले फुकटात इकलं."

आजवर मला कुणी एवढं लागेल असं बोललेलं नाही. मी पैसे परत मागितले. मॅनेजर म्हणाले, मग किल्ली मिळणार नाही. मामी म्हणाली, "नको देऊ. गाडी माह्या नावावर हाय, पैसे तुह्यापाशी हाय. ठेव तुले ठेवाची असन तं." आणि टोपली उचलून ती बसस्टँडकडे निघाली. हार टोपलीतच होते. नंदा आणि मी तिच्या मागे चालत होतो. ती माझ्याशी बोलत नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी सगळे उभे होते. आम्हाला पायी येताना पाहून नामदेव हसला. "म्हटलं नव्हतं मी?" मामीने टोपली खाली ठेवली, गाडीचे दोन्ही हार टोपलीलाच घातले, शेजारणीच्या हातातलं ताट घेतलं आणि टोपलीला ओवाळलं. "हे आमची गाडी," ती म्हणाली. "हिनं कधी जादा पैसे मांगतले नाई." दसऱ्याला माणूस आपल्या कामाच्या वस्तूची पूजा करतोच, त्यामुळे कुणाला नाव ठेवता येईना. मला मात्र रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मामी शोरूममध्ये हजर. काचेच्या हॉलमध्ये तिची गाडी उभी होती, तिच्या शेजारी खुर्ची ओढून ती हार ओवत बसली. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, मावशी तुम्ही इथे कशा? मामी पिशवीतून कागद काढायची. "हे वाचा. हे यायनं लिवून देल्लं. आन् आता एकवीस हजार वर मांगून राहिले. तुमाले किती सांगतले?" मग ते गिऱ्हाईक मॅनेजरच्या केबिनकडे वळायचं. तिला उठवायला गेलेल्या मुलाला ती म्हणाली, "मी माह्या गाडीपाशी बसली. तुह्या गाडीपाशी बसली असन तं सांग." शाळा सुटल्यावर मी जाऊन तिच्यापासून थोडा दूर उभा राहत असे. ती पाहून न पाहिल्यासारखं करायची.

चौथ्या दिवशी मॅनेजर आले. "चला मावशी, तुमचे माफ केले."

"माफ गुन्हा होत असते. मी काय गुन्हा केला? दुसरा कागद काढ, त्याच्यावर हे ओळच नको."

संगणकातून तसं निघत नाही, असं ते बराच वेळ सांगत राहिले. मामीने ओवायला पुढचा हार घेतला. तासाभराने संगणकातून तसं निघालं.

त्या दिवशी कसलाच मुहूर्त नव्हता. नारळ नव्हता. नंदा गाडी चालवत होती, मामी मागे बसली होती. मी शोरूमच्या पायरीवर उभा होतो. तिने काच खाली केली आणि चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बस ना मास्तर. का एसटीनं येतं?" मी तिच्या शेजारी बसलो. टोपली डिकीत होती. बार्शीटाकळीपर्यंत दोन्ही हात रिकाम्या मांडीवर ठेवून ती बाहेर बघत होती.

दोन वर्षांनी, शेवंतीच्या हंगामात, ती गेली. ताप आला तो तिने अंगावर काढला. तिची मला फार आठवण येते, आणि तिने मला माफ केलं होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

मागच्या महिन्यात जुनी गाडी देऊन नवी घ्यायला मी अमरावतीला गेलो. ठरलेल्या भावाचा कागद माझ्या खिशात होता. बिलाच्या तळाशी हँडलिंगची तीच ओळ होती. टेबलापलीकडचा मुलगा गोड हसून म्हणाला, "सर, तुमच्यासारख्यांनी एवढ्यासाठी काय बोलायचं?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, आता मी सही करणार.

मी कागद टेबलावर ठेवला आणि भाव एकदा सांगितला. मग खुर्ची काचेकडे फिरवली. मागे तो मुलगा बोलत राहिला, नंतर आणखी कुणीतरी येऊन बोलू लागलं. मी वळलो नाही.