निघताना मागितलेली माफी

माझे सासरे कुठूनही निघताना माफी मागतात. कुणाकडे जेवले तरी, विमानातून उतरले तरी, दोन्ही हात जोडून, "काई चुकलं-माकलं असन त माफ करजा." अकोल्याकडच्या त्यांच्या पिढीची ती रीतच आहे. त्याच रीतीने त्यांना इथे परदेशात, आम्ही राहतो त्या ल्यूकनमध्ये, गोत्यात आणलं.

बाबा आमच्याकडे राहायला आले होते. जवळच्या सार्वजनिक बागेत एक परकी पोर एकटीच रडत होती. बाबा तिला कडेवर घेऊन तिची आई शोधायला फाटकाबाहेर पडले. आईने पाहिलं, आरडाओरडा झाला, पोलिस आले. पोर पळवल्याचा आरोप. त्या आईला मी दोष देत नाही, तिच्या जागी मीही किंचाळले असते. पण पुढचं मला आजही मान्य नाही.

चौकशीला फोनवर दुभाषी दिला, तोही हिंदीचा. वकील हवा का, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "कायले उगाच तरास?" सगळं सांगून झाल्यावर उठताना त्यांनी हात जोडून नेहमीचं वाक्य म्हटलं. दुभाष्याने सांगितलं, चूक केली म्हणतात, माफी मागतात. झाला कबुलीजबाब! व्हिजिटर व्हिसावरचा माणूस पळून जाईल म्हणून जामीनही नाही.

तुरुंगात फोन केला की एकच उत्तर, "ही इज ग्रँड," म्हणजे अगदी मजेत आहेत. कसले ग्रँड? शुगर तपासली का? गोळ्या दिल्या का? मांस न खाणारा म्हातारा नुसत्या ब्रेडवर किती दिवस काढणार? मी रोज विचारलं. माझा आवाज ऐकून तुरुंगवाले वैतागायचे, वैतागू देत. गोळ्या आणि नीट जेवण सुरू होईपर्यंत मी सोडलं नाही.

नवरा म्हणाला, "अगं, कबूल करून टाकू या. बाबा लवकर सुटतील. कशाला वाढवतेस?"

"न केलेला गुन्हा? पोरं पळवणारा म्हणून अकोल्याला परत पाठवायचंय का त्यांना?"

सुनावणीला आमच्या वकिलाने ड्रोहेडाहून मराठी दुभाषी बाई आणली. बाबांनी सरळ सांगितलं, "पोट्टी रडत होती, मंग उचलू नोको?" साक्ष संपली. जायला उठले, न्यायाधीशांकडे वळले आणि हात जोडले. "काई चुकलं-माकलं असन त माफ करजा."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. मला तिथे बोलायचा अधिकार नव्हता, तरी मी उभी राहिले. "पूर्ण सांगा, बाई. शब्दन् शब्द."

न्यायाधीशांनी मला खाली बसवलं. पण बाईंनी पूर्ण सांगितलं, आणि हेही, की हे निघताना म्हणतात, बाईंचे स्वतःचे आजोबाही म्हणायचे. मग चौकशीचं चित्रीकरण पुन्हा लावलं. तेच उठणं, तेच जोडलेले हात. कबुलीजबाब बाद झाला, आणि त्याच्याशिवाय पोर पळवायचा हेतू दाखवणारं खटल्यात काही उरलंच नव्हतं.

गाडीत बाबा म्हणाले, "लय भांडली तू, पोरी. मी त माफी मागून मोकळा झालो असतो."

"मोकळे नाही, बाबा. दोषी झाला असता."