पुसलेली काच

कोलोरॅडोच्या डोंगरात, दहा हजार फुटांवरच्या एका वस्तीत, मी तीन आठवडे रोज सकाळी एक काच पुसत होते. ऊन मोजणाऱ्या यंत्राची, घुमटासारखी, वाटीएवढी. रात्री पडलेला बर्फ मऊ फडक्यानं काढायचा, मग नोंद घ्यायची. आकडे झकास येत होते. वस्तीपर्यंत विजेची तार नाही. सौर पॅनल पुरतील का, जुना डिझेल जनरेटर काढता येईल का, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

शेवटच्या दिवशी शेजारच्या घरातल्या आजींना मी आकडे दाखवले. त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. ऑक्सिजनचं यंत्र त्याच जनरेटरवर चालतं. आजी पुसलेल्या काचेकडे बघत राहिल्या.

"तू गेल्यावर पॅनल कोण पुसणार? मी चढू छपरावर?"

मी ऊन बरोबर मोजलं होतं. पॅनलवर बर्फ किती दिवस बसून राहतो, ते मोजलंच नव्हतं.

बर्फात येरझाऱ्या घालतच सांता क्लाराच्या ऑफिसात मॅनेजरला फोन लावला. तो पुण्याचा.

"अगं, स्नो लॉस टाकलाय ना मॉडेलमध्ये? डिफॉल्ट आहे."

"तो डिफॉल्ट आकडा इथल्या बर्फाचा आहे का?"

"यार, क्रांती नंतर कर. आज सही करून पाठव, क्लायंट थांबलाय."

बाबा चळवळीतले; आमच्या घरी कपाटात कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बाबांचा नियम एकच: खाली नाव नाही ते पत्रक वाटायचं नाही. नाव असलं की उद्या कुणीही दारात येऊन जाब विचारू शकतो. माझ्या दारात कोण येणार होतं? या आजींना तर अंगणही ओलांडवत नव्हतं.

"सही करत नाही. हिवाळाभर इथं मोजते. तोवर जनरेटर काढू नका, असं लिहून पाठवते."

"व्हिसा लक्षात आहे ना तुझा?"

"आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

गाडीतलं सुटं पॅनल काढलं आणि आजींच्या छपराच्या उताराइतकं तिरकं उभं केलं. रात्री बर्फ पडला. सकाळी यंत्राची काच पुसली. शेजारी पॅनल पांढरंफटक. ते पुसायला हात नुसते शिवशिवत होते. फडकं खिशात कोंबलं आणि वहीत लिहिलं: दिवस पहिला. ऊन भरपूर, वीज शून्य.

मागे जनरेटर धडधडत होता.