बेरीज जुळली, काकू राहिल्या

जानेवारीतला दुसरा रविवार. रक्कम पंचवीस हजार सहाशे. हजर चौघे: आमच्या हिंदीभाषक शहरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार म्हणून मी, आणि चहा देता देता सगळं ऐकणारी माझी बायको. ठरलं असं की पुढच्या रविवारी संक्रांतीच्या संमेलनाला एकशे साठ ताटं सांगायची, ताटामागे एकशे साठ रुपये. आकडा माझा, मी केलेल्या नव्या यादीतला. गेल्या वर्षी एकशे सत्तावन्न जण जेवले होते, म्हणजे माझं काम चोख होतं. हे मी त्या बैठकीत तीनदा सांगितलं.

तोवर मंडळाचा कारभार तीन वह्यांत होता: कुटुंबं, घरातली माणसं, जमा वर्गणी. मुलगी कॉलेजात डेटाबेस शिकते. तिच्याकडून थोडं शिकून मी वह्यांची कॉम्प्युटरवर तीन टेबलं केली, प्रत्येक कुटुंबाला क्रमांक दिला आणि त्या क्रमांकावर तिन्ही टेबलं जोडून एकच यादी काढली. माणसामागे एक ओळ. वर्गणीचं टेबल जोडायला कुणीच सांगितलं नव्हतं. पण चिटणीस आमंत्रणाचे फोन करणारच आहेत, तर कुणी कधी किती भरले तेही समोर असावं, असा माझा विचार. म्हणून यादी वर्गणीच्या तारखेने लावली. ओळी मोजल्या, एकशे साठ भरल्या. मी यादी छापून दिली.

गुरुवारी चिटणिसांचा फोन आला. "अहो, पाच घरांना माझे दोन-दोन फोन गेले. एकजण म्हणाला, इतका आग्रह करताय, जेवण उरणार आहे का?"

"दोनदा बोलावल्याने मान वाढतो," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी बायकोने शिवाजी नगरच्या काकूंना फोन लावला. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मंडळ सुरू करणाऱ्यांत त्यांचे यजमान होते, ते गेल्या पावसाळ्यात गेले. संमेलनात तान्ह्या मुलांचं बोरनहाण होतं, त्याचे हलव्याचे दागिने दरवर्षी काकूच करतात. यंदाचे दागिने झाले का, एवढंच बायकोला विचारायचं होतं. फोन ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"अहो, काकूंना आमंत्रणच नाही. चार मुलांचे दागिने करून डब्यात ठेवलेत. म्हणाल्या, हे होते तोवर आमचं नाव होतं."

"असं होणार नाही. बेरीज जुळते आहे."

"बेरीज राहू दे. नाव दाखवा."

नाव नव्हतं. मुलीला बोलावलं. तिने माझी क्वेरी, म्हणजे यादी काढायला कॉम्प्युटरला दिलेली आज्ञा, पाहिली आणि हसायलाच लागली. "बाबा, तुम्ही सादा जॉइन लावलात. वर्गणीच्या टेबलमध्ये जिची एंट्रीच नाही, ती फॅमिली पूरी गायब. और जिसने दो किस्तों में दी, ते सगळे डबल."

आमच्या मंडळात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांकडून वर्गणी घ्यायची नाही असा रिवाज आहे. म्हणजे ज्यांचा सर्वांत जास्त मान ठेवायचा, नेमकी तीच नऊ घरं, चौदा माणसं, मी यादीतून उडवली होती. दोन हप्त्यांत भरणारी पाच घरं, सोळा माणसं, दोनदा मोजली होती. चौदा गेले, सोळा वाढले, चूक दिसली फक्त दोनाची. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काढली, आणि मला फसवायला दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेणं पुरलं.

मुलीने आधी प्रत्येक घराच्या वर्गणीची एक बेरीज केली, मग ती लेफ्ट जॉइनने लावली, म्हणजे वर्गणी नसली तरी घर राहतं, ती जागा फक्त रिकामी दिसते. माणसं निघाली एकशे अठ्ठावन्न.

नवी यादी घेऊन मी स्कूटरवर शिवाजी नगर गाठलं. काकूंनी दार उघडलं, आत ये म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेरूनच तीन टेबलं, क्रमांक, हप्ते असं सगळं समजावू लागलो. त्यांनी पाचेक मिनिटं ऐकलं.

"वर्गणी देत नाही म्हणून नाव गेलं, असंच ना?"

"नाही काकू. म्हणजे... हो. पण कुणी मुद्दाम नाही."

"यादी केल्यावर तू वाचलीस का रे एकदा?"

"नाही. मोजली."

"नऊ घरं नाहीत, आणि तुला कळलं नाही?"

"नाही कळलं. चुकलो." टेबलांशिवाय बोललेलं माझं हे पहिलंच वाक्य असावं.

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण चष्मा घेऊन आल्या, माझ्या हातातली यादी घेतली आणि बोट फिरवत स्वतःचं नाव शोधलं. त्याच्यापुढची वर्गणीची जागा रिकामी होती. "हं," म्हणाल्या. "बाकीच्या आठांकडेही असाच जा. फोन करू नकोस. आणि ते टेबलांचं सांगू नकोस, लोक घाबरतील."

रात्री आठपर्यंत पाच घरं झाली, रविवारी सकाळी तीन. आनंद नगरचं एक जोडपं "बघू" म्हणालं आणि आलं नाही. काकू रिक्षाने आल्या, डबा मांडीवर धरून. चारही मुलांना दागिने त्यांनीच घातले.

जेवले एकशे छप्पन्न. केटररला ठरल्याप्रमाणे पंचवीस हजार सहाशे दिले. त्यांतले उरलेल्या चार ताटांचे सहाशे चाळीस मी खिशातून मंडळाला भरले. रिक्षाचे ऐंशी रुपये काकूंनी स्वतः रिक्षावाल्याला दिले, मला देऊ दिले नाहीत.