एकाच बशीतलं खळं

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी मोसंबी सोलत होते. सर प्रयोगशाळेत भट्टीजवळ कोसळले, त्यांना भोकरदनहून जालन्याला नेतोय, तुम्ही तिकडंच या, असं शिपाई सांगत होता. मी साली फडक्यावर पसरल्या, सवयीनं, आणि निघाले... पोचले तेव्हा हे गेलेले होते.

आमचे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मोसंबीच्या साली उकळायच्या, त्या पाण्यात जस्ताचा क्षार घालून आटवायचं, भट्टीत भाजायचं, की चिमूटभर पांढरी पावडर निघे. जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण, डोळ्यांना न दिसणारे. एरवी जे काम जहाल रसायनं करतात ते सालीकडून करून घ्यायचं आणि मोसंबीची मुळं कुजवणारी बुरशी त्या पावडरीनं रोखायची, हे त्यांचं वेड. आमच्याकडं पाहुण्याला चहाऐवजी मोसंबी मिळे आणि साली आठवणीनं परत घेतल्या जात. माझा भाऊ म्हणायचा, दाजींकडं पाहुणचार आपला नसतो, सालीचा असतो.

एकदाच, बुरशी वाढवायच्या एका काचेच्या बशीत, पावडरीभोवती बुरशी थांबली. चंद्राला खळं पडावं तशी स्वच्छ कड. मला मुद्दाम बोलावून दाखवली. पुढं मात्र ते खळं कधी पडलं नाही. कधी बाग वेगळी, कधी बहर वेगळा. साल दर वेळी तीच कुठं असते? सहकारी म्हणत, छापून टाका. हे म्हणायचे, "एकदा झालं म्हंजे झालं न्हाई. परत होऊ दे, मंग छापू." मी चिडायचे. त्यांचं नाव व्हावं, ही हौस त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

शोकसभेनंतर त्यांचे सहकारी सुभाषभाऊजी म्हणाले, त्या एका बशीवर सरांच्या नावानं लेख छापू. मला मोह झाला, खरंच झाला. तरी विचारलं, हे कोसळले त्या दिवशी भट्टीत होती त्या पावडरीचं काय झालं? भाऊजी घुटमळले.

"लावून पाह्यली वहिनी. सगळ्या बश्यांत बुरशी आल्ती. ते लिहायची गरज न्हाई."

"दोन्ही लिहा," मी म्हणाले, "न्हाईतर छापू नका."

दोन्ही लिहिल्यावर छापण्यासारखं काही उरत नव्हतं. लेख राहिला. इतकी वर्षं याच एका गोष्टीवरून मी ह्यांच्याशी भांडले. आता त्यांच्या बाजूची झाले, तर ते ऐकायला घरात कोणी नाही.