ताडपत्रीचं शीड

आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पाणी अडवायचं कसं, पाटाला सोडायचं कसं, धानाच्या बांधीत खेळवायचं कसं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पाण्यावर बसायचं मात्र कोणी शिकवत नाही. त्यासाठी माझ्या बापाकडे एकच मंत्र होता : "डोंग्यात बसला का गोटा होऊन जाय. हालला का बुडला." मंत्र खराच होता. खोड कोरून केलेला अरुंद डोंगा, त्यात नुसतं शिंकलं तरी तो कलंडायचा. लहानपणी मी त्यात दगडासारखी बसायची. पाण्याची भीती मला तेव्हापासूनची, आणि ती लपवावी असं मला कधी वाटलं नाही.

आणि नेमका माझाच मुलगा कॅरिबियन बेटांवर शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी झाला. फिरायला आलेल्या कुटुंबांना या बेटावरून त्या बेटावर न्यायचं, वाटेत रांधून घालायचं, हे त्याचं काम. बायको आणि सहा वर्षांची मुलगीही तिकडेच. होळीनंतर तिघं गावी आली, तेव्हा याच्या तोंडी वारा, शीड आणि बेटं यांखेरीज विषय नव्हता.

"बेटं आपल्याइथंबी आहेत नं," एक दिवस तो म्हणाला. ते खरं होतं. गावच्या धरणाला आम्ही तलावच म्हणतो; त्यात बुडालेल्या टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहिले आहेत. त्यातल्या एकावर शेंदूर फासलेला देव आहे, आणि आमच्या घरचा नारळ दरवर्षी तिथे फुटतो. "यंदा शिडानं जाऊ."

त्यानं मासेमारांची पत्र्याची नाव मागून आणली, मधोमध बांबू ठोकला आणि धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पिकाची रास, झाकायची निळी ताडपत्री त्याला बांधली. ते ध्यान बघून मी दोन पावलं मागे सरकले.

"काऊन भिऊन राहिली वो आई? मी समुद्रात जातो. हे तं तलाव आहे."

"पाण्याले का मालूम, ते तलावातलं आहे का समुद्रातलं?" मी म्हणाले.

तिकडे म्हणे अंगात फुगीर जाकीट असल्याशिवाय पोरांना बोटीत पाय ठेवू देत नाहीत. इथे नातीच्या अंगात फ्रॉक होता, आणि तिला अजून पोहता येत नव्हतं. पण घरच्या तळ्याला कोण भितो!

मी घरीच राहिले असते. पण नात हट्टानं नावेत जाऊन बसली, आणि सुनेला दिवस गेलेले, म्हणून ती काठावर थांबणार होती. सून गोंदिया शहरातली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, हिचा हात बिलकुल छोडू नका हं. तुम्ही आहात म्हणूनच भेजून राहिली." मी नातीला मांडीत घेतलं, तिचा दंड घट्ट धरला आणि गोटा झाले.

देवाच्या बेटापर्यंत वारा शहाण्यासारखा वागला. नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी म्हणाले, आता घरी चल. पण ऐकतो कोण? त्याला पलीकडच्या मोठ्या बेटावर जायचं होतं. "अर्धी सफर का करते, आई?"

दोन बेटांच्या मध्ये पोहोचलो आणि टेकड्यांच्या फटीतून वारा आला. ताडपत्री फाडकन फुगली आणि नाव आमच्याच बाजूला कलली.

"आई, वरच्या बाजूले सरक! इकडं ये, वर!" मुलगा ओरडला. शिडाची दोरी त्यानं फळीला बांधली होती. ती सोडायला तो वाकला, पण ओली गाठ सुटेना.

नावेच्या काठावरून पाणी आत आलं. माझ्या मांडीखाली गार लागलं. मुलाचा शब्दन्‌शब्द मला ऐकू येत होता, कळतही होता. पण अंग बापाचं ऐकत होतं. हालला का बुडला. मी नातीला आणखी आवळलं. काठाच्या अगदी खाली, पाण्यात एका मेलेल्या झाडाच्या फांद्या दिसत होत्या. माझ्या मनात एकच गोष्ट होती : पोरगी जाते. माझ्या हातातून पोरगी जाते.

"आजी, छोड! वर जायचं असते!" नात किंचाळली. मी सोडलं नाही. मग ती माझ्या मनगटाला कडकडून चावली.

हात सुटला. ओल्या पत्र्यावरून रांगत ती वरच्या काठाला जाऊन चिकटली, बोटीवर बापानं शिकवलं असेल तशी. माझी मांडी रिकामी झाली. मी कशी उठले, मला आठवत नाही. दिसत होती ती फक्त तिची वाऱ्यात वाकलेली पाठ. दुसऱ्या क्षणी मी तिच्याजवळ होते, तिला दोन्ही हातांनी कवटाळून, वरच्या बाजूला. नाव धाडकन सरळ झाली. मुलानं नारळ फोडायला आणलेल्या विळ्यानं दोरी कापली आणि ताडपत्री आमच्या अंगावर पडली.

तो वल्ही मारत आम्हाला परत घेऊन आला. मोठ्या बेटाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. नात भिजलेलं खोबरं खात होती.

सून गुडघाभर पाण्यात धावत आली. तिनं पोरीला उचललं आणि तिच्या दंडावर उठलेली माझी बोटं पाहिली. चार निळे वळ होते. सुनेचे डोळे भरून आले. "आई, इतकं घट्ट धरून ठेवलं! तुम्ही होत्या म्हणून वाचली."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी बांगड्या वर सारून मनगट पुढे केलं. दात स्पष्ट उमटले होते.

"मी धरून होती तोवर बुडूनच राहिली होती वो बाई," मी म्हणाले. "चावून सुटली, म्हणून तुझ्या हाती आली."

सुनेनं माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग पोरीच्या दंडावरचा आपला हात तिनं सैल केला.