काळ्या घोड्याची नाल आणि विमानाची शेपटी

गेल्या मंगळवारी शाळेतून घरी येताना दापोड्याला ट्रकांच्या गर्दीत स्कूटर अडकली होती, तेवढ्यात गौरीचा फोन. "बाबा, माझ्या सॅकमध्ये नाल तुम्ही ठेवलीत?" मी स्कूटर कशीबशी कडेला घेतली...

गौरी माझी मुलगी. जिओफिजिक्स शिकली, सध्या पार पूर्व विदर्भात एका सर्व्हेवर आहे. छोट्या विमानाच्या शेपटीला लांब नळी आणि नळीत मॅग्नेटोमीटर. जमिनीखालचा खडक कुठे किती चुंबकीय आहे ते उडता उडता मोजायचं, आणि त्यावरून मातीखाली दडलेला ग्रॅनाइट कुठवर पसरलाय त्याचा नकाशा काढायचा. आमच्या भिवंडीत सगळा काळा कातळ... ग्रॅनाइट आम्हाला माहीत तो किचनच्या ओट्याचा!

ऐकायला छान वाटतं. पण हे विमान फार खालून उडतं हो. लूमवरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांसारख्या सरळ, शेजारी शेजारी लायनी मारायच्या, डोंगर आला की त्याच्या अंगाने वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. तिने एकदा आतून व्हिडिओ पाठवला, खिडकीत झाडांचे शेंडे दिसत होते... तेव्हापासून माझी झोप उडाली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची टिंगल करण्यात हयात गेली माझी. आणि गौरी सुट्टी संपवून निघाली त्या सकाळी मी गुपचूप कुठे गेलो असेन? शेलार गावात आमच्याच गल्लीत वरातीचे घोडे पाळणारे दामूशेठ आहेत, त्यांच्याकडे काळ्या घोड्याची नाल मागायला.

दामूशेठ बघतच राहिले. "मास्तर, तुमी पन?" मग माझं तोंड बघून हसू आवरलं त्यांनी. "न्या न्या. पोरीसाठी हाय ना, मंग लाज कसली?"

नाल रुमालात गुंडाळून सॅकच्या तळाशी सरकवली. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

ती सॅक गौरीने ठेवली विमानात अगदी मागे, शेपटीकडे. म्हणजे जगातल्या सगळ्या जागा सोडून मॅग्नेटोमीटरच्या शेजारी लोखंड! तिकडे लोक पट्ट्याचं बक्कलसुद्धा तपासून चढतात. रीडिंग का बिघडतंय म्हणून सगळे मशीन धुंडाळत बसले, शेवटी सॅक उघडली. रुमाल तिने लगेच ओळखला.

मी सॉरी म्हणालो. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाली, "डोंगराकडच्या लायनी उद्या परत उडायच्यात, बाबा."

परत! तिचं रक्षण करायला ठेवलेल्या लोखंडानेच तिला पुन्हा त्या डोंगरावर पाठवलं होतं... मीच पाठवलं होतं. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती देवापाशी जाऊन बसली.

बुधवारी वर्गात काय शिकवलं ते मुलांनाच विचारा. खाली उतरली की गौरी मेसेज करते, सहसा मधल्या सुट्टीच्या आतच. सुट्टी झाली... संपली... मेसेज नाही. फोन लावला तर बंद. खडू ठेवला आणि मुलांना धडा वाचायला सांगितला. त्या डोंगराचं नावही मला ठाऊक नव्हतं आणि तो सारखा डोळ्यांपुढे येत होता.

शाळा सुटायला आली तेव्हा फोन वाजला. फोटो होता. तिच्या लॉजच्या खोलीचं दार आणि चौकटीवर ठोकलेली माझी नाल. खाली लिहिलं होतं, "वारा होता, म्हणून उशिरा उडालो. लायनी झाल्या. नाल विमानात नको, इथे असू दे. रोज या दारातून आत येईन."

स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडलो मी. त्या पायलटचं मला नावही माहीत नाही, पण त्याचे हात जोडून आभार.

तिचं उडणं चालूच आहे आणि माझी भीतीही... संध्याकाळी तोच फोटो मोठा करून बघतो. वरची नाल नाही हो, खाली उंबऱ्याशी तिने काढून ठेवलेले धुळीचे बूट.